एका रिमोटवर अ‍ॅम्प्लिफायर: १२ व्होल्ट ट्रिगरची जोडणी, मोजमापापासून पेटीपर्यंत

आमच्याकडचा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर जुना आहे, चांगला जड आहे आणि त्याचं पॉवरचं बटण मागच्या बाजूला आहे. तो शोकेसच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात बसतो. बाबा सकाळी सहाला उठून अभंग लावतात. स्ट्रीमर, म्हणजे नेटवरून गाणी वाजवणारं यंत्र, रिमोटवर चालू होतो, पण अ‍ॅम्प्लिफायरसाठी जमिनीवर बसून, हात आत घालून बटण चाचपडावं लागायचं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते त्यांना जमेना, म्हणून अ‍ॅम्प्लिफायर रात्रंदिवस चालूच राहू लागला. वॉटमीटर लावून पाहिलं तर काहीही वाजत नसताना तो ४० वॅट खात होता. म्हणजे दिवसाला जवळपास एक युनिट आणि वर्षाला साडेतीनशे युनिट. शिवाय बंद कप्प्यात चोवीस तास तापत राहणारे कॅपॅसिटर, त्यांचं आयुष्य घटतं ते वेगळंच.

यावरचा उपाय स्ट्रीमरच्या मागेच होता, ट्रिगर आउट. तो कसा वापरायचा, अ‍ॅम्प्लिफायरला ट्रिगरचं सॉकेट नसेल तर काय करायचं आणि कुठे जपायचं, हे सगळं मी केलेल्या क्रमाने सांगतो.

ट्रिगर म्हणजे नक्की काय

स्ट्रीमर, एव्ही रिसिव्हर, प्रीअ‍ॅम्प्लिफायर, प्रोजेक्टर यांच्या मागे बऱ्याचदा 'ट्रिगर आउट' असं लिहिलेलं ३.५ मिलिमीटरचं सॉकेट असतं. दिसायला अगदी हेडफोनच्या सॉकेटसारखं. यंत्र चालू असताना तिथे १२ व्होल्ट डीसी मिळतात आणि यंत्र स्टँडबायला गेलं की शून्य. यात कुठला कोड नाही, सेटिंगची भाषा नाही. पिनेचं टोक प्लस, मागचा नळीसारखा भाग ग्राउंड (मायनस), एवढीच सगळी रचना.

हा फक्त निरोप आहे, हे पक्कं धरून चाला. 'मी जागा झालोय, तूही उठ' एवढंच तो पुढच्या यंत्राला सांगतो. त्यातून मिळणारा करंट फार थोडा असतो. काही यंत्रं ३० मिलिअँपिअर देतात, काही ५०, काही १०० ते १५०. त्यावर कुणी कप्प्यातला पंखा लावतं, कुणी एलईडीची पट्टी लावतं, आणि मग महागड्या रिसिव्हरचं ट्रिगर सर्किट जळतं. निरोप्याच्या डोक्यावर सामान द्यायचं नाही.

डेनॉन आणि मरँट्झच्या वरच्या वर्गातल्या रिसिव्हरमध्ये ट्रिगर आउट मिळतो. विम (WiiM) कंपनीच्या प्रो आणि अल्ट्रा या स्ट्रीमरमध्येही तो आहे, छोट्या मिनीत मात्र नाही. रिसिव्हरच्या मेनूत ट्रिगर कोणत्या इनपुटला किंवा कोणत्या झोनला चालू व्हावा हे बऱ्याचदा ठरवता येतं. जोडणीला हात घालण्याआधी हा मेनू उघडून पाहा. 'ट्रिगर चालत नाही' या तक्रारीचं मूळ पुष्कळदा तिथेच सापडतं.

पहिलं काम: मोजणे

वायर जोडण्याआधी मल्टिमीटर काढा. प्रोब थेट सॉकेटमध्ये घालू नका. प्रोब घसरला की टोक आणि ग्राउंड एकमेकांना चिकटतात आणि शॉर्ट होतो. दुकानात ३.५ मिलिमीटरची सुटी मोनो पिन दहा-वीस रुपयांना मिळते. तिला वीतभर लांबीच्या दोन वायरी सोल्डरचा डाग देऊन जोडा: टोकाला लाल, बाहेरच्या नळीला काळी. वायरींची उघडी टोकं एकमेकांपासून लांब ठेवा. यंत्र बंद असताना पिन खोचा, मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा आणि मग यंत्र चालू करा.

साधारण ११.५ ते १२.५ च्या दरम्यान आकडा आला की ठीक. मग यंत्र रिमोटने बंद करा आणि आकडा शून्यावर जातो का, जायला किती वेळ लागतो, ते पाहा. स्ट्रीमर असेल तर आणखी एक तपासणी करायची. गाणं थांबवून तो तसाच सोडा. काही स्ट्रीमर ठरावीक वेळाने आपोआप झोपतात, काही झोपतच नाहीत. झोपणारा नसेल तर ट्रिगर कधीच शून्यावर जाणार नाही आणि अ‍ॅम्प्लिफायर पूर्वीसारखाच रात्रभर जागा राहील. ॲपमध्ये आपोआप स्टँडबायला जायची वेळ असते, ती आधी लावून घ्या. मी वीस मिनिटं ठेवली आहे.

आता भार देऊन मोजा. रिकाम्या सॉकेटवर १२ व्होल्ट दिसणं आणि करंट ओढल्यावरही ते टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ३९० ओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर घ्या, पट्टे नारिंगी, पांढरा, तपकिरी. लाल आणि काळ्या वायरीच्या मध्ये तो जोडला की सुमारे ३१ मिलिअँपिअर वाहतात. रिले म्हणजे कॉइलला थोडा करंट दिला की स्वतः लागणारं बटण, आणि एक छोटा रिले साधारण एवढाच करंट घेतो. व्होल्टेज ११ च्या वर राहिलं तर तुमचा ट्रिगर छोटा रिले स्वतः उचलू शकतो. ८-९ वर घसरलं तर त्याच्यावर रिले टाकायचा नाही. त्याला कमी करंटमध्ये निरोप पोचवता येईल अशी जोडणी करायची, ती पुढे येते. यंत्राच्या पुस्तिकेत करंटची मर्यादा दिलेली असेल तर ती अर्थातच शेवटची.

अ‍ॅम्प्लिफायरला ट्रिगर इन असेल तर

मग काम पाच मिनिटांचं आहे. दोन्ही टोकांना ३.५ मिलिमीटरची मोनो पिन असलेली केबल घ्या. घरातली स्टिरिओ ऑक्स केबलही बहुतेक वेळा चालते, कारण टोक आणि ग्राउंडची जागा तीच असते. मधलं वेढं मोनो सॉकेटमध्ये ग्राउंडला लागतं, त्याने बिघडत काही नाही. दोन्ही यंत्रांचे प्लग काढून मगच केबल खोचा, कारण पिन आत सरकताना टोक क्षणभर ग्राउंडला घासू शकतं.

अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे 'ऑन / ऑटो / ट्रिगर' अशी निवड असेल तर ती ट्रिगरवर न्या आणि मुख्य बटण चालू ठेवा. ट्रिगर त्याला झोपेतून उठवतो, मुख्य बटण बंद असलेल्या यंत्रात जीव घालू शकत नाही. 'ऑटो' म्हणजे गाण्याचा सिग्नल आला की चालू होणं. सबवूफरला ते चालून जातं. पण रात्री हळू आवाजात ऐकताना सिग्नल इतका बारीक असतो की 'ऑटो' तो ओळखतच नाही, आणि आलापीत लांब विराम आला की कधी यंत्रच झोपी जातं. ट्रिगर असताना 'ऑटो' वापरू नका.

दोन अ‍ॅम्प्लिफायर असतील तर पहिल्याच्या 'ट्रिगर आउट'मधून दुसऱ्याला निरोप न्या. तशी सोय नसेल तर वाय जोड वापरता येतो, फक्त दोघांच्या करंटची बेरीज स्रोताच्या मर्यादेत बसायला हवी. उलट परिस्थितीही येते: अ‍ॅम्प्लिफायर एकच, पण तो टीव्हीच्या रिसिव्हरने आणि गाण्याच्या स्ट्रीमरने, दोघांनीही उठवायचा. तेव्हा दोन ट्रिगर आउट थेट एकत्र बांधायचे नाहीत. एक चालू आणि दुसरा बंद असताना चालू असलेला बंदमध्ये करंट ढकलतो. प्रत्येकाच्या प्लस वायरीत एक १एन ४००७ डायोड घाला, पट्टीची बाजू अ‍ॅम्प्लिफायरकडे. डायोडमध्ये ०.७ व्होल्ट जातात, उरलेले ११.३ पुरतात.

एक खबरदारी मी प्रत्येक जोडणीत घेतो. ट्रिगर केबलच्या दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळतो. हीच पिन चुकून ऑक्स इनपुटमध्ये गेली तर १२ व्होल्ट डीसी गाण्याच्या मार्गात शिरतात.

ट्रिगर इन नसेल तर: आधी ही चाचणी

अ‍ॅम्प्लिफायर चालू असताना भिंतीवरचं बटण बंद करा, मिनिटभर थांबा, पुन्हा चालू करा. तो आपोआप चालू झाला का? बाबांच्या अ‍ॅम्प्लिफायरसारखं खटका पडणारं बटण असेल तर होतो. त्याची वीज तोडून-जोडून त्याला चालू-बंद करता येतं. पण हलकं दाबायचं बटण असलेले बरेच नवे अ‍ॅम्प्लिफायर वीज परत आली की स्टँडबायमध्ये बसून राहतात. तसा असेल तर पुढची पेटी, जी ट्रिगरच्या निरोपावर वीज जोडते-तोडते, ती तुमच्या उपयोगाची नाही. त्याला इन्फ्रारेड कोड पाठवणारं उपकरण लागेल.

व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांचे, अ‍ॅम्प्लिफायरही या पेटीवर लावू नका. ते माणूस समोर असतानाच चालू करावेत, या मताचा मी आहे.

पेटी

सरळ सांगतो, या पेटीत २३० व्होल्ट येतात. घरच्या वायरिंगचं काम स्वतः केलेलं नसेल तर आतली एसीची बाजू वायरमनकडून करून घ्या. स्वतः करणार असाल तर प्लग सॉकेटमधून बाहेर काढल्याशिवाय पेटी उघडायची नाही. भिंतीवरचं बटण बंद केलं म्हणजे वीज गेली असं धरू नका. वायरिंग उलटं झालेलं असेल तर ते बटण न्यूट्रल तोडतं आणि फेज तसाच जिवंत राहतो.

माझी पहिली पेटी फसली, आणि का फसली ते समजून घेण्यासारखं आहे. मी सॉलिड स्टेट रिले घेतला. त्याच्या इनपुटला ३ ते ३२ व्होल्ट डीसी चालतात, करंट किरकोळ लागतो, आवाज नाही, झिजणारा भाग नाही. ट्रिगरसाठी हाच हवा, असं वाटलं. तिसऱ्या सकाळी घरातला एमसीबी पडला. बाबा अंधारात बसलेले.

कारण ट्रान्सफॉर्मरमध्ये आहे. बाजारात सहज मिळणारे सॉलिड स्टेट रिले एसीची लाट शून्यावर असतानाच चालू होतात. हीटरसाठी ते उत्तम. ट्रान्सफॉर्मरसाठी मात्र तोच सगळ्यात वाईट क्षण. लाट शून्यावरून सुरू झाली की गाभ्यातलं चुंबकत्व पहिल्या अर्ध्या फेरीत नेहमीच्या जवळजवळ दुप्पट चढू पाहतं, गाभा भरून जातो आणि मग करंट अडवायला तांब्याच्या तारेचा थोडासा रोध तेवढा उरतो. मोठ्या गोल, म्हणजे टोरॉइड ट्रान्सफॉर्मरमध्ये हे फार तीव्र असतं. शिवाय सॉलिड स्टेट रिले बिघडतो तेव्हा सहसा शॉर्ट होऊन बिघडतो, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर बंदच होत नाही. म्हणून साधा, टक् वाजणारा यांत्रिक रिले घ्या.

रिले कोणता? बाजारात 'शुगर क्यूब' नावाने मिळणारा १२ व्होल्टचा छोटा रिले १० अँपिअरचा असतो, त्याची कॉइल ४०० ओहमची, म्हणजे ३० मिलिअँपिअर. क्लास डी बोर्डाच्या (ॲडॉप्टरवर चालणारं छोटं ध्वनिवर्धक सर्किट)  छोट्या ॲडॉप्टरला तो ठीक. ट्रान्सफॉर्मरवाल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पहिल्या धक्क्याने मात्र त्याचे कॉन्टॅक्ट चिकटू शकतात. त्यासाठी 'टी ९०' प्रकारचा ३० अँपिअरचा रिले घ्या. त्याची कॉइल साधारण ७५ मिलिअँपिअर ओढते आणि एवढा करंट पुष्कळ ट्रिगर देऊ शकत नाहीत. म्हणून रिलेला वीज द्यायची वेगळ्या १२ व्होल्ट ॲडॉप्टरमधून, आणि ट्रिगरकडून फक्त निरोप घ्यायचा.

तो निरोप पोचवतो पीसी ८१७ हा चार पायांचा ऑप्टोकपलर. त्याच्या पोटात एक एलईडी आणि समोर प्रकाशाने चालू होणारा ट्रान्झिस्टर, मध्ये कसलीही तार नाही. जोडणी अशी:

ट्रिगरच्या टोकाकडून १ किलोओहमचा रेझिस्टर आणि तिथून ऑप्टोकपलरचा १ नंबरचा पाय, ज्याच्याजवळ ठिपका असतो तो. २ नंबरचा पाय ट्रिगरच्या ग्राउंडला. यात ट्रिगरला जेमतेम ११ मिलिअँपिअर द्यावे लागतात. पलीकडे ४ नंबरचा पाय ॲडॉप्टरच्या प्लसला. ३ नंबरच्या पायाकडून २.२ किलोओहममधून बीसी ३३७ ट्रान्झिस्टरच्या बेसला (बेस, एमिटर आणि कलेक्टर हे त्याचे तीन पाय). बेस आणि ॲडॉप्टरच्या मायनसमध्ये १० किलोओहम. एमिटर मायनसला. रिलेची कॉइल प्लस आणि कलेक्टर यांच्या मध्ये. कॉइलवर आडवा १एन ४००७ डायोड, पट्टीची बाजू प्लसकडे. हा डायोड विसरू नका. रिले सोडताना कॉइल जो उलटा झटका देते, त्याने ट्रान्झिस्टर मरतो.

हे सगळं सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत एका फेरीत मिळतं. ऑप्टोकपलर लावलेलं तयार रिले मॉड्यूलही मिळतं, पण त्यात बहुतेकदा दोन्ही बाजूंचं ग्राउंड एकच केलेलं असतं. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून आधी तपासा. ग्राउंड वेगळं राखण्यासाठीच तर आपण ऑप्टोकपलर घालतोय.

टीव्हीला ट्रिगर नसेल तर त्याच्या यूएसबी पोर्टचे ५ व्होल्ट हाच निरोप म्हणून चालतात, फक्त १ किलोओहमच्या जागी मघाचाच ३९० ओहमचा रेझिस्टर लावा. काही टीव्हींमध्ये हा पोर्ट स्टँडबायलाही चालू राहतो, तेव्हा इथेही आधी मोजा. रास्पबेरी पायच्या ३.३ व्होल्टच्या पिनेलाही ३९० ओहमच चालतो. पाच-साडेपाच मिलिअँपिअर वाहतात, पिनेला ते झेपतात.

आता एसीची बाजू. फेज आधी फ्यूजमधून, मग एनटीसी थर्मिस्टरमधून (तापला की रोध घटणारा रेझिस्टर), मग रिलेच्या कॉन्टॅक्टमधून बाहेरच्या सॉकेटला. न्यूट्रल सरळ. अर्थ सरळ, कुठेही न तोडता. फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे लिहिलेल्या क्षमतेचाच आणि 'टी' अक्षराचा, म्हणजे स्लो-ब्लो. '१०डी-२०' या खुणेचा एनटीसी थंड असताना १० ओहमचा असतो. लाटेच्या शिखरावर ३२५ व्होल्ट असतात, तेव्हा पहिला धक्का काहीही झालं तरी ३२ अँपिअरच्या आसपास अडतो. मग तो गरम होतो आणि बाजूला सरल्यासारखा वागतो. गरम होतो म्हणून त्याला पेटीच्या भिंतीपासून आणि वायरींपासून बोटभर दूर, उभा ठेवा. वीज जाऊन लगेच परत आली तर तो अजून गरमच असतो आणि धक्का अडवत नाही. आमच्या भागात वीज अशी झपझप जाते-येते, म्हणून मी एमसीबी आणि फ्यूज दोघांवरही भिस्त ठेवली आहे.

रिलेच्या कॉन्टॅक्टला समांतर एक साधं रॉकर बटण लावा, एसीच्या क्षमतेचं. स्ट्रीमर बिघडला, नेट गेलं, कुणाला नुसता टेपच वाजवायचा असला, तरी अ‍ॅम्प्लिफायर हाताने चालू करता आला पाहिजे. हे बटण पेटीच्या वरच्या बाजूला ठेवा आणि पेटी अशा जागी, जिथे घरातल्या सगळ्यात कमी वाकणाऱ्या माणसाचा हात पोचतो.

पेटी प्लास्टिकची घ्या. धातूची असेल तर तिला अर्थ द्या. १२ व्होल्टच्या आणि २३० व्होल्टच्या वायरींमध्ये किमान ८ मिलिमीटर अंतर राखा, मध्ये प्लास्टिकची आडवी पट्टी असेल तर फारच चांगलं. एसीसाठी १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. दोन्ही केबल पेटीतून बाहेर पडतात तिथे ग्लँड लावा, म्हणजे कुणी केबल ओढली तरी आतला डाग सुटत नाही.

अ‍ॅम्प्लिफायर लावण्याआधी

पेटीच्या सॉकेटला आधी ६० किंवा १०० वॅटचा पिवळा बल्ब लावा. स्ट्रीमर चालू, टक्, बल्ब पेटला. स्ट्रीमर बंद, टक्, बल्ब विझला. असं वीस-पंचवीस वेळा करा. मग अर्धा तास चालू ठेवा आणि प्लग काढून पेटी उघडून हात लावून पाहा, रिले कोमट असला तर चालेल. जुना अ‍ॅम्प्लिफायर बरेच महिने बंद असेल तर दुरुस्तीवाले करतात तसा पहिल्यांदा सिरीज बल्बवर, म्हणजे वीज आधी एका बल्बमधून नेऊन, चालू करा. बल्ब क्षणभर भडकून मंद झाला तर अ‍ॅम्प्लिफायर ठीक आहे, पेटलेलाच राहिला तर आत काहीतरी शॉर्ट आहे आणि पेटीचा प्रश्नच येत नाही.

मग स्पीकर जोडा आणि आवाज पूर्ण कमी ठेवून चालू करा. चालू-बंद करताना स्पीकरमधून ढप्प असा आवाज येतो का ते ऐका. नियम असा की स्रोत आधी उठतो आणि अ‍ॅम्प्लिफायर शेवटी. झोपताना अ‍ॅम्प्लिफायर आधी. स्ट्रीमर उठताना ट्रिगर लगेच सोडत असेल आणि ढप्प होत असेल, तर मेनूत ट्रिगरला विलंब देता येतो का पाहा. नसेल तर रिलेच्या आधी दोन-तीन सेकंदांचं तयार टायमर मॉड्यूल घाला. बऱ्याच अ‍ॅम्प्लिफायरमध्ये स्पीकरचा स्वतःचा रिले असतो, तो उशिरा लागतो आणि हा प्रश्नच उरत नाही.

गुणगुण येत असेल तर ट्रिगरची केबल काढून बटणावर अ‍ॅम्प्लिफायर चालू करा. गुणगुण गेली तर दोष ट्रिगरच्या ग्राउंडचा, म्हणजे ऑप्टोकपलरच्या दोन बाजू कुठेतरी एकत्र आल्या आहेत. ज्याला मुळातच ट्रिगर इन आहे आणि पेटी नाही, अशा अ‍ॅम्प्लिफायरमध्येही हे होतं. गाण्याच्या केबलने एकदा आणि ट्रिगरच्या केबलने दुसऱ्यांदा, असं ग्राउंड दोन वाटांनी जोडलं जातं. तिथेही उपाय हाच, निरोप ऑप्टोकपलरमधून किंवा छोट्या रिलेच्या कोरड्या (स्वतःची वीज नसलेल्या) कॉन्टॅक्टमधून द्यायचा. गुणगुण तशीच राहिली तर कारण दुसरं आहे, ट्रिगरला दोष देऊ नका.

रिले फडफडत असेल, टकटकटक असा, तर ॲडॉप्टर कमकुवत आहे किंवा ट्रिगरची पिन सॉकेटमध्ये अर्धीच बसली आहे. बऱ्याच यंत्रांचं सॉकेट खोलगट असतं आणि जाड कव्हरची पिन पूर्ण आत जात नाही. कव्हर ब्लेडने दोन मिलिमीटर कापलं की ती बसते.

काम झाल्यावर जोडणीचा नकाशा कागदावर काढून पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवा. पाच वर्षांनी ती पेटी दुसरं कुणीतरी उघडेल. बाहेरच्या बाजूला मी मोठ्या अक्षरात लिहिलंय: 'रिमोटने लागलं नाही तर लाल बटण दाबा.' सकाळी सहाला आतल्या खोलीत ते टक् ऐकू येतं, आणि पाच-सहा सेकंदांनी टाळ.